पोटाचे ऑपरेशन आणि ‘कायमचा बरा’ होणारा मधुमेह

पोटाच्या ऑपरेशनने टाइप २ मधुमेह आटोक्यात येतो आणि काही जणांची सगळी औषधे सुटतात, यावर आता डॉक्टरांमध्ये फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो त्यापुढच्या दाव्याचा. मधुमेह मुळापासून बरा, इन्सुलिनपासून कायमची सुटका, अशा धाटणीचे मथळे पुरवण्यांमधून छापून येतात, टीव्हीवरच्या आरोग्याच्या कार्यक्रमात तेच बोलले जाते आणि मग कात्रणाचा फोटो मोबाइलवरून गावोगाव पोचतो. उदाहरणार्थ, पुणे-नगर रस्त्यावरचे शिरूर आणि सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे दोन तालुके. मुळातला हा कमी पावसाचा मुलूख. घोड, भीमा आणि कालव्यांच्या पाण्यावर इथे ऊस उभा राहिला, कारखाने आले, रांजणगाव आणि कुरकुंभला औद्योगिक वसाहती झाल्या. ‘शुगर’ हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार, असे इथे आता कोणी म्हणत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. एवढ्या मोठ्या संख्येपुढे ‘एकदाच ऑपरेशन, मग काही नको’ हे वाक्य ठेवले की ते विकले जाणारच.

ऑपरेशन नेमके काय असते, ते आधी पाहू. प्रचारात असलेले प्रकार मुख्यतः दोन. स्लीव्ह प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि एक अरुंद नळी ठेवतात. बायपास प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करतात, म्हणजे टपरीवरच्या कटिंग चहाच्या निम्म्याने भरेल एवढी, आणि लहान आतडे कापून ते थेट या पिशवीला जोडतात. खाल्लेले अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वगळून पुढे जाते. दोन्ही ऑपरेशने दुर्बिणीतून होतात, पोटावर चार-पाच छोटी छिद्रे पडतात. मुळात ती वजन कमी करण्यासाठी निघाली. मधुमेहावरचा परिणाम नंतर ध्यानात आला.

साखर का उतरते, याची कारणे एकाहून अधिक आहेत. पहिले म्हणजे, ऑपरेशननंतर काही आठवडे माणूस जवळजवळ उपाशी असतो. यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी अशा उपासात झपाट्याने घटते आणि इन्सुलिनचे काम सुधारते. दुसरे, अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचू लागले की तिथून जीएलपी-१ सारखी संप्रेरके जास्त प्रमाणात सुटतात. ती इन्सुलिन वाढवतात आणि भूक मारतात. तिसरे कारण सरळ आहे: वर्षभरात पंचवीस-तीस किलो वजन गेले, तर मधुमेहाचा जोर कमी होतो.

या तिन्हींपैकी बातमीला सगळ्यात जास्त भावते ती साखर उतरण्याची गती. वजन हललेलेही नसते आणि रुग्ण इन्सुलिन बंद करून घरी जातो. ते खरेही असते. पण इंग्लंडमध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या रॉय टेलर यांच्या गटाने २०११ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ११ मधुमेहींना दिवसाला फक्त ६०० कॅलरीच्या आसपास आहार दिला, ऑपरेशन काहीच केले नाही. त्यांचीही उपाशीपोटीची साखर सात दिवसांत सामान्य पातळीवर आली. म्हणजे पहिल्या आठवड्यात दिसणारा चमत्कार बराचसा उपासाचा असतो. ऑपरेशनचा खरा कस पुढच्या वर्षांत लागतो, आणि मथळा सहसा पहिल्या महिन्यांचा असतो.

या सगळ्याची सुरुवात अमेरिकेत झाली. १९९५ साली वॉल्टर पोरीज या सर्जनने नॉर्थ कॅरोलायनातल्या ६०८ अतिलठ्ठ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी १४६ जणांना मधुमेह होता आणि बायपासनंतर १२१ जणांची साखर सामान्य राहिली. टक्केवारी ८३ च्या आसपास. २००४ साली हेन्री बुकवाल्ड आणि सहकाऱ्यांनी जगभरातले अभ्यास एकत्र करून सुमारे ७७ टक्के रुग्णांचा मधुमेह नाहीसा झाल्याचे मांडले. २००७ साली रोममध्ये या विषयाची पहिली जागतिक परिषद भरली, आणि वजनाचे ऑपरेशन आता ‘मेटाबॉलिक सर्जरी’ म्हणून, थेट मधुमेहाचे ऑपरेशन म्हणून ओळखले जाऊ लागले. ७७ आणि ८३ हे आकडे पुढे कित्येक वर्षे बातम्यांत फिरत राहिले. ते खोटे नव्हते. पण त्यांतले बहुतेक रुग्ण शंभर-सव्वाशे किलोंच्या पुढचे होते, अनेक अभ्यासांत बरोबरीला तुलनेचा गट नव्हता, पाठपुरावाही बऱ्याचदा एक-दोन वर्षांचाच होता. हे तपशील मथळ्याबरोबर प्रवास करत नाहीत. आपल्याकडे या ऑपरेशनला घरोघरी नाव मिळाले ते नेत्यांमुळे. २०११ मध्ये नितीन गडकरी यांचे आणि २०१४ मध्ये अरुण जेटली यांचे ऑपरेशन झाले, तेव्हा वजनाच्या ऑपरेशनसाठीचा बॅरिअॅट्रिक हा अवघड शब्द मराठी वाचकाच्या तोंडी रुळला.

पुण्याचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. २०१० साली शशांक शहा, जयश्री तोडकर, पूनम शहा हे पुण्याचे डॉक्टर आणि अमेरिकेतले डेव्हिड कमिंग्ज यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. जगातले बहुतेक अभ्यास ३५ च्या वरच्या बीएमआयचे, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याचे, असताना यात २२ ते ३५ बीएमआय असलेल्या भारतीय मधुमेहींवर बायपास केले होते. आजार सरासरी पावणेनऊ वर्षे जुना, ८० टक्के जण इन्सुलिनवर. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारे एचबीए१सी ऑपरेशनपूर्वी सरासरी १०.१ टक्के होते, ते ६.१ वर आले. सगळ्यांची मधुमेहाची औषधे सुटली. शंभर टक्के यश.

हा निबंध बारकाईने वाचण्यासारखा आहे, कारण दाव्याची परीक्षा कशी करावी हे त्यावरून शिकता येते. रुग्ण होते १५. पाठपुरावा होता नऊ महिन्यांचा. ऑपरेशन न करता तेवढेच कसून औषधोपचार आणि आहार दिलेला दुसरा गट नव्हता. लेखकांनी हे आकडे लपवले नाहीत. कमी बीएमआयच्या भारतीयांत हे शक्य दिसते आणि पुढे मोठी चाचणी व्हायला हवी, असा अशा प्राथमिक अभ्यासाचा अर्थ असतो. पुण्यातच पुढे कॉस्मिड नावाची, २५ ते ४० बीएमआयच्या रुग्णांत ऑपरेशन विरुद्ध औषधोपचार अशी तुलनात्मक चाचणीही झाली. शास्त्र असेच पायरीपायरीने चढते. बातमीचे मात्र तसे नसते. पंधरा जणांचे ‘शंभर टक्के’ तिच्यात सहज ‘भारतीय मधुमेहींना शंभर टक्के’ होऊन बसते, आणि नऊ महिन्यांचे ‘कायमचे’.

आता काळ सरकला की काय होते ते पाहू. यासाठी सोडत पद्धतीने गट पाडलेल्या चाचण्या कामाला येतात, कारण त्यांत कोणाला ऑपरेशन आणि कोणाला औषधे हे डॉक्टर ठरवत नाही.

रोममधली जेल्त्रूदे मिंग्रोने यांची चाचणी सगळ्यात बोलकी आहे. रुग्ण ६०, सगळे ३५ किंवा त्याहून जास्त बीएमआयचे, मधुमेह किमान पाच वर्षांचा. एका गटाला औषधे, दुसऱ्याला बायपास, तिसऱ्याला आतडे आणखी मोठ्या प्रमाणावर वगळणारे जास्त कठोर ऑपरेशन. २०१२ साली दोन वर्षांचा निकाल आला: औषधांच्या गटात एकही नाही, बायपासच्या गटात ७५ टक्के आणि कठोर ऑपरेशनच्या गटात ९५ टक्के रुग्ण औषधांशिवाय साखर राखून होते. हा निकाल जगभर गाजला. पाच वर्षांनंतर बायपासचे ३७ टक्के उरले, कठोर ऑपरेशनचे ६३. दहा वर्षांचा निकाल २०२१ मध्ये आला, तेव्हा बायपासचे २५ टक्के आणि दुसऱ्याचे ५० टक्के. दोन वर्षांच्या टप्प्यावर जे ३४ जण मधुमेहातून सुटलेले दिसत होते, त्यांपैकी २० जणांची साखर पुन्हा वाढली. २०१२ च्या आकड्यांचा जेवढा गाजावाजा झाला, त्याच्या एक दशांशही २०२१ च्या आकड्यांचा झाला नाही.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या फिलिप शॉअर यांच्या चाचणीत १५० रुग्ण होते. एचबीए१सी ६ टक्के किंवा त्याखाली आणणे हे तिचे ध्येय होते. एका वर्षाने बायपासचे ४२ टक्के आणि स्लीव्हचे ३७ टक्के रुग्ण तिथे पोचले, औषधांच्या गटातले १२. पाच वर्षांनी हेच आकडे २९, २३ आणि ५ झाले. स्वीडनच्या मोठ्या पाहणीत ऑपरेशन झालेल्या मधुमेहींपैकी दोन वर्षांनी ७२ टक्के मोकळे होते, पंधरा वर्षांनी ३० टक्के.

या उताराकडे बोट दाखवून ऑपरेशन फसवे ठरवणे हीदेखील तेवढीच आळशी बातमीदारी ठरेल. रोमच्या ज्या २० जणांची साखर परत वाढली, त्यांचे दहा वर्षांनंतरचे सरासरी एचबीए१सी ६.७ टक्के होते, म्हणजे चांगले आटोक्यात. स्वीडनमध्ये डोळे, मूत्रपिंड आणि नसा यांवरचे मधुमेहाचे दुष्परिणाम ऑपरेशन झालेल्यांत जवळपास निम्म्यावर आले. क्लीव्हलँडच्या रुग्णांची औषधेही घटली. योग्य रुग्णात हे ऑपरेशन गोळ्या-इन्सुलिनपेक्षा सरस ठरते, हे प्रत्येक चाचणीत दिसले. फक्त त्याचा गुण वर्षागणिक ओसरतो आणि काहींच्या बाबतीत आजार परततो. ज्याने घर गहाण टाकून ‘कायमचा’ इलाज घेतला, त्याला हे आधी कळायला हवे.

डॉक्टर म्हणूनच ‘बरा’ हा शब्द टाळतात आणि ‘रेमिशन’ म्हणतात. त्याची व्याख्या आकड्यांत बांधलेली आहे. अमेरिका, युरोप आणि ब्रिटनमधल्या मधुमेह संघटनांच्या २०२१ च्या एकमतानुसार, साखरेची सगळी औषधे थांबवून किमान तीन महिने झाल्यावर एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली असेल, तर ते रेमिशन. त्यातही वर्षातून एकदा तपासणी करावी आणि डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिने, पायांची संवेदना बघत राहावे, असे तेच निवेदन सांगते. कारण दहा-बारा वर्षांच्या वाढलेल्या साखरेने जे नुकसान आधीच केलेले असते, ते साखर उतरल्याने आपोआप भरून निघत नाही. उलट जुना मधुमेह असलेल्यांत साखर फार झटपट उतरली, तर डोळ्यांच्या पडद्याचा त्रास काही काळ वाढलेलाही दिसतो. ऑपरेशनआधी डोळे तपासून घेतात ते यासाठी. एखाद्या बातमीत रुग्ण ‘बरा’ झाल्याचे लिहिले असेल, तर औषधे कधी थांबवली, त्यानंतरचे एचबीए१सी किती आणि ऑपरेशनला किती वर्षे झाली, ही तीन उत्तरे बातमीत आहेत का ते बघावे. बहुतेकदा नसतात.

रेमिशन कोणाला मिळते, हेही बऱ्यापैकी ठाऊक झालेले आहे. मधुमेह नवा असेल, इन्सुलिन लागत नसेल, वय कमी असेल, वजन भरपूर असेल आणि रक्तातल्या सी-पेप्टाइडच्या तपासणीत स्वादुपिंड अजून इन्सुलिन बनवत असल्याचे दिसत असेल, तर शक्यता चांगली. तैवानचे सर्जन वेई-जेई ली यांनी वय, बीएमआय, सी-पेप्टाइड आणि आजाराची वर्षे या चारांवर गुण देऊन एक सोपी मोजपट्टी बनवली. अनेक सर्जन ती वापरतात. टाइप १ मधुमेह या ऑपरेशनने बरा होत नाही, कारण तिथे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात.

इथे शिरूर-दौंडचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा होतो. शिरूर तालुक्यातले वढू बुद्रुक हे संभाजी महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. वैद्यकीय जगात या गावाची ओळख वेगळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प इथे १९७७ पासून चालतो, आणि २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतल्या २२ गावांतले जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची नियमित नोंद होते. ग्रामीण महाराष्ट्राच्या प्रकृतीबद्दल जे काही भरवशाने सांगता येते, त्यातला बराच भाग अशा चिकाटीच्या नोंदींवर उभा आहे.

केईएमचेच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. इथली बाळे हडकुळी, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. दिसायला बारीक, आतून चरबीचे असे हे शरीर पुढे मधुमेहाला लवकर बळी पडते, अशी याज्ञिकांची मांडणी आहे. २००४ साली त्यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर लॅन्सेट नियतकालिकात स्वतःचाच दाखला दिला: दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. शेजारी शेजारी छापलेल्या दोन सडपातळ प्राध्यापकांच्या त्या छायाचित्राने वजनकाट्याची मर्यादा जगाला दाखवली.

ऑपरेशनच्या संदर्भात याचा अर्थ काय? २०१६ साली ४५ वैद्यकीय संघटनांनी मान्यता दिलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना बीएमआयवर बेतलेल्या आहेत. सर्वसाधारण रुग्णांसाठी ४० च्या वर ऑपरेशनची शिफारस, ३५ च्या वर साखर आटोक्यात नसेल तर शिफारस, ३० च्या वर विचार करावा. आशियाई लोकांसाठी हे उंबरठे अडीचने खाली आणले आहेत, म्हणजे सगळ्यात खालचा २७.५. पाच फूट पाच इंच उंचीचा शेतकरी घ्या. त्याचा बीएमआय २७.५ व्हायला वजन ७५ किलो हवे, ३२.५ व्हायला ८८ च्या पुढे, ३५ व्हायला ९५. गावाकडचे कित्येक मधुमेही याच उंचीला साठ किलोंचे असतात. त्यांचा बीएमआय भरतो २२. जगभरातल्या ज्या चाचण्यांचे आकडे मथळ्यात येतात, त्यांत असा माणूस जवळजवळ नव्हताच. त्याच्या बाबतीत स्वादुपिंडाची ताकदच मुळात कमी असण्याचा संभव असतो, आणि कमी करायला वजनही फारसे नसते. रोमच्या शंभर किलोंपुढच्या रुग्णाचे ७५ टक्के त्याला लावणे चूक आहे.

कमी वजनाच्या मधुमेहींसाठी म्हणून काही वेगळी ऑपरेशने पुढे आणली गेली. ब्राझीलमधून आलेल्या एका पद्धतीत लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा तुकडा कापून वर नेऊन जोडतात. भारतातही ती झाली आणि बातम्यांत चमकली. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी मान्य केलेल्या प्रकारांत ती नाही. अशा पद्धती संशोधनापुरत्याच असाव्यात, असे त्या सांगतात. कापाकापी न करता तोंडावाटे आतड्याच्या सुरुवातीला प्लास्टिकचे अस्तर बसवायचे, असेही एक साधन निघाले होते. त्याचीही ‘मधुमेहावर नवा इलाज’ म्हणून वाहवा झाली. अमेरिकेतली त्याची मोठी चाचणी २०१५ साली थांबवावी लागली, कारण अपेक्षेपेक्षा जास्त रुग्णांच्या यकृतात पू झाला. नवा इलाज निघाल्याची बातमी मोठ्या टायपात असते, बंद पडल्याची शोधावी लागते.

ऑपरेशनचा धोका अवास्तव फुगवण्याचेही कारण नाही. अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४,७७६ रुग्णांपैकी महिन्याभरात दगावलेले ०.३ टक्के होते. पण हा आकडा अनुभवी केंद्रांचा आहे. टाके गळणे, रक्तस्राव, पुढे आतड्याला पीळ पडणे असे प्रसंग थोड्या जणांवर येतात, आणि रात्री-अपरात्री पोट दुखू लागले तर या ऑपरेशनची माहिती असलेला सर्जन जवळ लागतो. शिरूर आणि दौंड दोन्ही पुण्यापासून पासष्ट ते ऐंशी किलोमीटरवर. दिवसा दौंडहून गाडी मिळते, शिरूरहून एसटी मिळते. रात्री दोनला काय, याचा विचार ऑपरेशनआधी झालेला बरा.

खरा भार मात्र पुढच्या आयुष्यावर येतो, आणि तो भाग बातमीत सगळ्यात कमी असतो. पिशवी एवढीशी झाल्यावर एका वेळी अर्धी भाकरीही जड जाते. प्रथिने आधी खायची, म्हणजे अंडी, मटकी, पनीर, डाळ, भाकरी-भात नंतर. जेवताना पाणी नाही. बायपास झालेल्या माणसाने गुऱ्हाळावर बसून उसाचा रस घेतला किंवा ताज्या गुळाचा खडा तोंडात टाकला, तर थोड्याच वेळात छातीत धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात. साखर एकदम आतड्यात उतरते म्हणून. काहींना दोन-तीन तासांनी उलटे होते, साखर फार खाली जाते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. केडगाव-पाटसच्या पट्ट्यात जिथे हंगामात गूळ घरोघरी असतो, तिथे हे पथ्य वाटते तेवढे सोपे नाही.

त्यात जीवनसत्त्वांचा प्रश्न. जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळल्यावर लोह, कॅल्शियम, ड आणि विशेषतः बी-१२ हे जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. गोळ्या किंवा इंजेक्शने आयुष्यभर, आणि दर वर्षी रक्ताची तपासणी. इकडच्या लोकांत बी-१२ आधीच तोकडे असते. याज्ञिकांच्या गटाने पुणे शहर, झोपडपट्टी आणि खेड्यांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासून २००६ साली जे मांडले, त्यात ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघाले. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. मधुमेहाची नेहमीची मेटफॉर्मिनची गोळीही ते आणखी खाली ओढते. अशा शरीरावर बायपास करून नंतरची इंजेक्शने चुकवली, तर हातापायांना मुंग्या, रक्तक्षय, कधी कायमची नसांची हानी. ‘ऑपरेशननंतर औषध नाही’ म्हणजे मधुमेहाचे औषध नाही, एवढेच. औषधाच्या दुकानाची पायरी सुटत नाही.

बिगर-ऑपरेशनचा मार्गही मथळ्यांत हरवतो. ब्रिटनमध्ये टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी डायरेक्ट नावाची चाचणी केली. मधुमेह सहा वर्षांच्या आतला, इन्सुलिन नाही, अशा रुग्णांना साध्या दवाखान्यांमधून तीन ते पाच महिने सूप-शेकचा तुटपुंजा आहार दिला. एका वर्षाने ४६ टक्के आणि दोन वर्षांनी ३६ टक्के रेमिशनमध्ये. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवले, त्यांच्यात पहिल्या वर्षी ८६ टक्के. पाच वर्षांपर्यंत हा आकडाही बराच घसरला, कारण वजन परत आले. म्हणजे ओसरण्याचा नियम आहारालाही लागू आहे, आणि ‘डायबेटिस रिव्हर्सल’च्या शिबिरांच्या जाहिराती वाचतानाही पाठपुरावा किती वर्षांचा हे विचारावे लागते. मार्च २०२५ मध्ये भारतात आलेले टिर्झेपटाइडचे आठवड्याचे इंजेक्शन आतड्याच्या त्याच संप्रेरकांची नक्कल करते. वजन आणि साखर दोन्ही चांगली उतरवते. ते बंद केले की वजन बहुतेकांचे परत येते. त्याच्याही बातम्या आता त्याच चालीवर येऊ लागल्या आहेत.

अशा बातम्या तयार कशा होतात, हे उघड गुपित आहे. १४ नोव्हेंबरचा जागतिक मधुमेह दिन जवळ आला की पत्रकार परिषदा होतात. व्यासपीठावर एक-दोन रुग्ण असतात, अर्थातच ज्यांना गुण आला तेच. आधीचे आणि नंतरचे फोटो असतात. एकूण किती जणांवर ऑपरेशन केले, त्यांतले किती जण पाच वर्षांनी तपासणीला आले आणि न आलेल्यांचे काय झाले, हे विचारायला बातमीदाराकडे वेळ नसतो. पाठपुरावा सोडून गेलेले रुग्ण हिशेबातून गळले, की यशाची टक्केवारी आपसूक वाढते. काही पुरवण्यांमधला मजकूर तर पैसे देऊन छापलेला असतो आणि तसे बारीक अक्षरात कोपऱ्यात लिहिलेलेही असते. कात्रणाचा फोटो काढताना तो कोपरा कापला जातो.

कायद्याचा धाक इथे अर्धवट आहे. १९५४ चा औषधे आणि चमत्कारी उपाय जाहिरात कायदा ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी घालतो, त्या यादीत मधुमेह आहे. पतंजलीच्या जाहिरातींवरून सर्वोच्च न्यायालयात २०२४ मध्ये जे प्रकरण गाजले, त्यात याच कायद्याची चर्चा झाली. पण हा कायदा औषधांबद्दल आणि ताईत-मंत्रांसारख्या उपायांबद्दल बोलतो, शस्त्रक्रियेबद्दल नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत जाहिरात करून रुग्ण ओढायला मनाई आहे. मुलाखत, आरोग्यविषयक लेख आणि जाहिरात यांच्या सीमारेषेवरचा मजकूर मात्र त्यातून सहसा निसटतो.

दाव्यांची सगळ्यात कोरडी छाननी विमा कंपन्या करतात, कारण पैसे त्यांचे जातात. खासगी रुग्णालयात या ऑपरेशनचा खर्च काही लाखांत जातो. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाण कलमानुसार वजनाच्या ऑपरेशनचा दावा मान्य व्हायला रुग्ण १८ वर्षांचा किंवा मोठा हवा, ऑपरेशन डॉक्टरांच्या सल्ल्याने हवे, आणि बीएमआय ४० किंवा जास्त हवा. किंवा ३५ वा त्याहून जास्त असून, कमी त्रासाचे उपाय करून झाल्यावरही आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह किंवा तसाच गंभीर आजार सोबत हवा. पाच फूट पाच इंचांच्या माणसाला हे ९५ किलोंच्या पुढे लागू होते. शिवाय पॉलिसी घेण्याआधीपासून मधुमेह असेल, तर आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ वेगळा मोजतात. २०२४ च्या नियमांनी तो जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आहे.